करंदीचे पाय

साखरीनाट्यात, जेटीच्या अलीकडे माझं दुकान.
एक मशीन, एक इस्त्री,
खुंटीला लटकलेले नेले न गेलेले ब्लाउज,
आणि चिंध्यांच्या गाठोड्यावर
माप न देता येऊन बसणारी करंदी.
(पिल्लू होती तेव्हा तेवढीच होती,
झोपायचीही तशीच वाकडी.)

तिच्या पंज्यांच्या बेचक्यांतून केस बाहेर येतात.
राखी, मऊ, नखभर.
शिंप्याच्या डोळ्याला ते खुपायचे:
शिवण संपली आणि दोरे कापायचे राहिले.
दोनदा मी कात्री उचलली.
दोन्ही वेळा तिने पाय पोटाखाली घेतला
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की मी मुकाट काजं करायला बसलो.

मग मे आला.
भरदुपारी जांभ्याची पायरी अशी तापते
की उधारी मागायलाही कुणी चढत नाही.
मी अनवाणी खाली उतरलो तो नाचतच परत आलो.
ही मात्र सावकाश आली.
मधल्या पायरीवर थांबली,
मागे वळून खाडीकडे पाहिलं,
काहीतरी विसरल्यासारखं,
मग उरलेल्या दोन चढली.
तेव्हा कळलं, ते दोरे नव्हेत.
अस्तर आहे.
अस्तर बाहेर डोकावलं की शिंप्याला लाज वाटते,
मांजराला कशाला वाटेल?

रात्री ती ते विंचरते.
बोटं फाकवून, मान वाकडी करून,
दातांनी एकेक रेतीचा कण काढते,
टाका उसवावा तशी,
कापडाला इजा न करता.
कधी खवला निघतो. तो थुंकत नाही.

इलियास होडेकरने होडीच्या तळाला डांबर मारलं
त्या संध्याकाळी ती तिथून आली असणार.
शाळेच्या सतरा पांढऱ्या सदऱ्यांचं कापड
मी जमिनीवर बेतायला पसरलेलं,
आणि त्यावरून करंदी,
काळी, काळी, काळी,
चौथा पाय उचलून धरलेला.

"रॉकेल लाव, झटक्यात जातंय,"
इलियास दारातूनच म्हणाला.
त्याची सासू खैरुन मागून खोबरेल घेऊन आलीच होती.
"रॉकेल? मांजराच्या पायाला लावलेलं
मांजराच्याच पोटात जातं रे, बाबा."
तिने करंदीला टॉवेलात गुंडाळलं
तान्ह्या पोराला गुंडाळावं तसं,
आणि आम्ही तेल चोळत बसलो,
तीन पाय सुटेपर्यंत, चहा दोनदा गार होईपर्यंत.

चौथ्याचं डांबर सुटेना. वाळून त्याचा खडा झालेला.
धागे कापायची छोटी कात्री घेतली.
टोक गादीकडे नाही, बाहेर.
बेचकीतली कातडी किती पातळ असते
ते मला माहीत नव्हतं.
रेशमाला मी इतका घाबरलो नाही कधी.
खैरुन म्हणाली, "श्वास घे की."
मला म्हणाली की तिला, कोण जाणे.

त्या रात्रीपासून करंदी ऐकू यायला लागली.
तीन पाय गप्प
आणि चौथा: थप.
पत्र्याच्या डब्यामागे, थप.
इस्त्रीच्या टेबलाखाली, थप.
इतकी वर्षं ती दुकानात कुठे कुठे फिरते
हे मला ठाऊकच नव्हतं.
उंदरांनाही आता ठाऊक झालं.
तीन आठवडे तिने काही धरलं नाही,
आणि मी बांगड्याचं डोकं ठेवलं
तर अपमान झाल्यासारखं उशिरा खाल्लं.

सदरे शिवून गेले. सोळा स्वच्छ.
सतराव्याचा डाग कॉलरच्या आत वळवला.
कुणाच्या तरी पोराच्या मानेवर
वर्षभर तिचा पाय असेल.

परवा आवाज आला नाही.
मशीन थांबवून ऐकलं:
पंखा. भरती. लांब कुणाचं तरी इंजिन.
दिवा वळवला
तर माझ्या पायाशीच बसलेली,
केव्हाची,
बोटं फाकवून
नवे केस नीट करत.